उसवण

प्लंबरने बावीस हजार सांगितले,
त्यात पाइपांची किंमत वेगळी.
मी म्हटलं, बघते.
माझ्या 'बघते'ला घरात कुणी घाबरत नाही,
तिथेच चुकतात.

सोमवारी शिलाई बंद असते.
तीन सोमवार रबाळ्याला गेले,
एमआयडीसीतल्या धर्मा मढवीच्या शेडमध्ये.
त्याच्या बायकोचे ब्लाउज मी एकोणीस वर्षं शिवते,
तिचा डावा खांदा उजव्याहून पाव इंच खाली आहे
हे त्याला अजून माहीत नाही.

"गच्चीवर बॉयलर? तू?"
हसला मात्र नाही.
माप घेताना मी हसत नाही, तसंच.
काळ्या पाइपचे दोन तुकडे समोर ठेवले,
मध्ये ब्लेडच्या पातीएवढी फट.
"पयला टाका मार."

टाका.
तीस वर्षं हा शब्द माझ्या बोटांत आहे
आणि तो लोखंडालाही लागतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

रॉड चिकटला. ओढला, वाकला, पुन्हा चिकटला,
बॉबिनमध्ये अडकलेल्या दोऱ्यासारखा.
"डोल्यांनी नको, कानांनी आयक," तो म्हणाला,
"भजी तलल्यासारखा आवाज आला का समज, हात बरोबर चाल्लाय."
काच इतकी काळी की शेड नाही, धर्मा नाही,
माझा हातही नाही;
फक्त मसुराएवढा एक वितळलेला थेंब,
आणि त्याच्या मागे मागे जायचं
हळू,
श्वास न रोखता.

दुसऱ्या सोमवारी मी काच वर करून पाहिलं.
एकदाच.
रात्री डोळ्यांत वाळू.
बटाट्याच्या चकत्या ठेवून पडले होते
आणि अंधारात नवरा विचारत होता,
उद्या फॉल-पिकोला आलेल्या साड्यांचं काय.

वरची खपली हातोडीने ठोकून काढली की खाली जोड दिसतो.
माझा पहिला, वारूळ.
सातवा बरा.
नववा तर चक्क सुबक,
एकावर एक सरकलेल्या नाण्यांसारखा.
मी धर्माकडे पाहिलं.
काही न बोलता त्याने तो करवतीने उभा चिरला
आणि आतली बाजू माझ्यापुढे धरली.

धातू आत पोचलाच नव्हता.
वरून जरीकाठ, आत उघडी शिवण.

लाज वाटली, ती वेगळीच.
शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला
मीच तर म्हणते,
आधी उलटा करून दाखव.

पुढच्या रविवारी भाड्याचं मशीन आणलं
घणसोलीत, आमच्या रो-हाऊसच्या गच्चीवर.
चालू केलं तसे शेजारच्या लोबोंचे दिवे मंदावले.
मिसेस लोबो खिडकीत आल्या,
माझं तोंड लोखंडाचं बघून परत गेल्या.
जळायला समोरच्या सुताराचे ढलपे,
सेफ्टी व्हॉल्व्ह विकतचा, शिक्क्याचा,
तिथे मला हौस नाही.
अकरा जोड. संध्याकाळ झाली.

हातपंपाने पाणी दाबलं.
काटा चढला, थांबला,
मग उतरू लागला, केसभर, केसभर.
बोट फिरवत फिरवत आठव्यापाशी आले.
तिथे एक थेंब होता.
पडत नव्हता,
नुसता फुगत होता.

"चालेल गं तेवढं," खालून नवरा.
"पूस आणि रंग मार."
गिऱ्हाइकंही हेच म्हणतात,
लग्न दोन दिवसांवर असलं की.

मी पाणी उतरवलं. ग्राइंडर उचलला.
उसवणं मला येतं:
घाईने ओढलं तर कापड फाटतं.
लोबोंच्या कुंड्यांवर ठिणग्या जाऊ नयेत
म्हणून ओलं गोणपाट टांगलं
आणि आठवा जोड
रेघारेघांनी सोडवायला बसले.

दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांनी
गार पाण्यानेच आंघोळ केली.